तान्ह्या बाळाचे फोटो आणि ब्लॅक अँड व्हाइट: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
सासूबाईंनी काल ट्रंक उघडली. २०१९ च्या पुरातून वाचलेली. गावभागात तेव्हा काय झालं होतं ते इथल्या सांगलीकरांना सांगायला नको. लग्नाचे रंगीत फोटो एकमेकांना चिकटलेत ते चिकटलेतच, पण सासऱ्यांचा लहानपणचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो धड निघाला. स्टुडिओतल्या टेबलावर पालथे, अंगावर करदोडा सोडून काही नाही, मान वर करून कुणाकडे तरी रागाने बघतायत. एका कोपऱ्यात पाण्याची रेघ, बाकी लख्ख. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या बाळाचा असा काढ की गं."
नणंदेचं बाळ घरातच आहे, बारसं रविवारी. मोबाईलवर काढला, ब्लॅक अँड व्हाइटचं बटण दाबलं, तर बाळ, दुपटं, उशी सगळं एकाच राखाडी रंगात. बाळ कुठं संपतं आणि दुपटं कुठं सुरू होतं कळेना. दुपटं गुलाबी होतं, सांगून ठेवते.
तुम्ही कसे काढलेत? जमलेलं, फसलेलं, सगळं लिहा.

भडंग
आधी सासऱ्यांचा फोटो टाका की ओ वहिनी. करदोड्यासकट.

अर्धवट_फोटोग्राफर
ताई, गुलाबी बाळ गुलाबी दुपट्यात म्हटल्यावर दुसरं काय होणार! रंग काढून घेतला की उरतो फक्त उजेड आणि अंधार. कपडा बाळापेक्षा चांगला गडद तरी हवा नाहीतर चांगला फिका तरी. जुनी वाकळ बघा घरात, गडद लुगड्याची. तिचे टाके फोटोत फार सुंदर येतात.
मी साताऱ्यात लग्नं आणि बारशी करतो, त्यामुळं थोडं लांबण लावतो.
पहिलं म्हणजे ट्यूब बंद. फ्लॅश बंद. फ्लॅशनं बाळ दचकतं आणि चेहरा सपाट येतो. ऊन थेट आत न येणारी खिडकी शोधा, येत असेल तर आजोबांचं पांढरं धोतर लावा पडद्याला. बाळाचं डोकं खिडकीकडे थोडं तिरकं ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. उलटं ठेवलंत, पाय खिडकीकडे, की नाकपुड्या उजळतात आणि बाळ भुताच्या गोष्टीत हनुवटीखाली टॉर्च धरल्यासारखं दिसतं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर नाहीतर थर्माकोल धरला की सावली मऊ होते. फार जवळ धरू नका, थोडी सावली पाहिजेच, सगळी गोलाई तीच दाखवते.
मोबाईलवर बाळाच्या गालावर बोट दाबून ठेवायचं आणि उजेड किंचित खाली ओढायचा. पांढरं झबलं फोटोत एकदा जळालं, म्हणजे नुसतं पांढरंफेक झालं, की ते परत येत नाही.
आता बटणाचं. नुसता रंग काढू नका. स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइटच्या आत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर आहेत. नवजात बाळाची कातडी पातळ, आतलं रक्त वरून दिसतं, म्हणून चट्टे लालसर. लाल फिल्टर लाल रंगाला उजळ करतो, त्यामुळं चट्टे विरून जातात. निळा लावून बघा एकदा, एकूण एक चट्टा काळा होऊन वर येईल. पण लाल पूर्ण लावलात तर ओठही कातडीतच विरघळतात. मी नारिंगीवर थांबतो. लाइटरूम अ‍ॅपमध्ये हेच नारिंगी आणि लाल स्लायडर वेगवेगळे सरकवून होतं, तिथं ओठ हाताशी राहतात.

भडंग
दादा, नाव बदला. अर्धवट कुठून?

अर्धवट_फोटोग्राफर
बायकोनं ठेवलंय.

वरणभात
एका हातानं लिहितेय, दुसऱ्या हातावर साहेब आहेत. तेल लावल्यावर फोटो काढू नका एवढंच सांगते. कपाळावर असा चकाका येतो की ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तिथं पांढरा डाग. आमच्याकडे आंघोळ घालणाऱ्या मावशी येऊन गेल्या, शेक झाला, दूध पिऊन ढेकर काढला की दीड तास गाढ. तेव्हाच काढायचे. बाकी वेळी हातपाय सायकल चालवत असतात.
उठला.

मिरजेची_मावशी
नमस्कार. मी बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, आता घरी आहे. फोटोतलं मला कळत नाही. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही.
हल्ली मुली मला फोटो पाठवून विचारतात, "मावशी, बाळ पिवळं दिसतंय का?" आणि फोटो फिल्टर लावलेला! परवा एकीनं चक्क ब्लॅक अँड व्हाइट पाठवला. अगं, आता त्यात मी काय बघू? कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. दिवसाच्या उजेडात, बाळ उघडं करून, कपाळावर, छातीवर, मग तळपायावर बोटानं दाबून बघायचं. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा आला, किंवा तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेना, तर फोटो कुणाला पाठवत बसू नका, उचला आणि डॉक्टरांकडे चला.
नाकावरचे पांढरे बारीक ठिपके मात्र काही आठवड्यांत आपले आपण जातात. ते फोडू नका आणि फोटोतूनही कशाला पुसता, तेवढेच दिवस असतात ते.
आणि उघडं बाळ पंख्याखाली ठेवून फोटो काढायचे नाहीत. गारठतं.

कृष्णाकाठ
मावशी, आमचं तपासून आणलंय, थोडी होती, गेली आता. पंखा बंद करते.

हळकुंड
तिटेचं काय करता तुम्ही लोक? आमच्या सासूबाईंनी गालावर एवढी मोठी तीट लावली की ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर गालाला भोक पडल्यागत दिसायला लागलं. मोबाईलवर बोट फिरवून पुसली. सासूबाईंनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न, "तीट कुठाय?" म्हटलं, खऱ्या गालावर आहे की. म्हणाल्या, "लोक खऱ्या गालाकडं बघत नाहीत, फोटोकडं बघतात. नजर तिथं लागती."
आता काय बोलायचं यावर! शेवटी तीट असलेला फोटो फ्रेममध्ये आणि बिनतिटीचा माझ्या मोबाईलमध्ये, असं मिटवलं.

वरणभात
आमच्याकडे तोंडावर बदाम चिकटवून स्टेटस ठेवतात. सव्वा महिना नुसता बदामच बघितला पाहुण्यांनी.

मिरजेची_मावशी
तीट गालावर, कपाळावर लावा हवी तर. डोळ्यांत काजळ मात्र घालू नका, फोटोसाठीसुद्धा.

विटा_स्टँड
आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे, भाडं वेळेवर येतं, तक्रार नाही.
वहिनी, सासऱ्यांसारखा फोटो बारा दिवसांच्या बाळाचा येणार नाही, नादाला लागू नका. ते पालथे फोटो मान धरणाऱ्या बाळांचे, तीन-चार महिने पुढचे. एक तर सव्वा महिना कोण बाळाला घराबाहेर काढत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे दिवा कमी, शटर हळू. वडील एका हातात खुळखुळा घेऊन "कावळा बघ, कावळा" म्हणायचे आणि दुसऱ्या हातानं बटण. सासरे रागानं बघतायत ते बहुतेक कावळा न दिसल्यामुळं.
चट्टे तेव्हाही असायचे. निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं तेवढाच भाग भरायचा. निगेटिव्हवर काळं झालं की कागदावर उजळ येतं. भिंगातून बघत, श्वास धरून. मला त्या टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती. डार्करूममध्ये लाल बल्ब चालायचा, कारण तो कागद लाल उजेडाला आंधळा. वर दादांनी लाल फिल्टरचं लिहिलंय ते वाचून बल्ब आठवला, म्हणून एवढं लिहिलं.

भडंग
कावळा न दिसल्यामुळं. मेलो.

घाटमाथा
माझा अनुभव जरा वेगळा. आमची मुलगी लवकर झाली. काचेच्या पेटीत होती, कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी. सिस्टरना विचारून फ्लॅश न लावता फोटो काढले. सगळं निळंच निळं. घरी दाखवायचा धीर होईना, आई रडली असती. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करायला गेलो. नारिंगी फिल्टर लावला तर पोरगी काळी ठिक्कर आणि फोटोभर नुसते रवाळ दाणे. नंतर डोक्यात प्रकाश पडला की त्या खोलीत लाल उजेड जवळजवळ नव्हताच, तर लाल फिल्टरला सापडणार काय? निळ्यावर नेल्यावर चेहरा आला. सलाईनच्या चिकटपट्ट्या होत्या तशा ठेवल्या.
तो फोटो आईनं देवघरात ठेवलाय. आता दुसरीत आहे, फोटो बघून विचारते, "मी चोर-पोलीस खेळत होते का?"

मिरजेची_मावशी
देव तिचं भलं करो. गुणाची आहे.

अर्धवट_फोटोग्राफर
घाटमाथा, निळ्या दिव्याचं बरोबर पकडलंत तुम्ही.

हळकुंड
ते हातावर हनुवटी टेकवून बसलेलं बाळ असतं ना नेटवर, ते कसं करतात? जाऊबाईंना तसाच पाहिजे.

अर्धवट_फोटोग्राफर
जाऊबाईंना सांगा, ते बाळ स्वतः बसलेलं नसतं. एका फोटोत कुणीतरी डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं धरतं, नंतर दोन्ही फोटो जोडून माणसाची बोटं पुसतात. घरी करायचं नाही. परात, टोपली, मडकं यातही बाळ ठेवलंत तर एकाचा हात कायम बाळावर. माझ्याकडे लोक हट्ट करतात, मी सरळ नाही म्हणतो. एक गिऱ्हाईक गेलं तर गेलं.
त्यापेक्षा हात-पाय काढा. मागच्या महिन्यात कोरेगावच्या एका घरी पणजीबाईंच्या तळहातावर बाळाचं पाऊल ठेवलं. बाईंच्या मनगटावर हिरवं गोंदण, तुळशीवृंदावन आणि खाली ठिपके, रंगीत फोटोत कातडीत बुडून गेलेलं. लाल फिल्टर लावला आणि हिरवं गडद होऊन असं उठून आलं, ठिपका न् ठिपका मोजता येईल. पावलाची सालं निघत होती पहिल्या आठवड्यासारखी, तीही दिसतात. बाई म्हणाल्या, "एवढं ठसठशीत तर गोंदलं तेव्हा बी नव्हतं."
कॅमेरा असेल तर शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको, बाळ झोपेतही हात उडवतं. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करणारा आकडा, १६०० पर्यंत गेला तरी घाबरू नका, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दाणे खपतात. एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, जवळून काढलात तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट. एफ ४ धरा.

वरणभात
गोंदणाचं वाचून आजीला फोन लावला. तिच्या हातावर आहे. शनिवारी जातेय.

विटा_स्टँड
वहिनी, ते चिकटलेले लग्नाचे फोटो कोरडेच ओढू नका, वरचा थर निघून येतो. आधी वरच्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग एखादा कमी महत्त्वाचा घेऊन स्वच्छ थंड पाण्यात भिजवा, सुटतोय का बघा. सुटला तर तोंड वर करून सावलीत वाळवा. एवढ्या वर्षांनी सुटतीलच अशी खात्री कुणी देणार नाही.

कृष्णाकाठ
दादा, करून बघते. एका फोटोत सगळे पंगतीत पाठमोरे आहेत, त्याच्यावर आधी प्रयोग.
आज सकाळी ट्यूब बंद, खिडकीला धोतर, खाली आजेसासूबाईंची वाकळ. नारिंगी फिल्टर. बाळ वेगळं आणि वाकळ वेगळी दिसतेय! तीट ठेवली, पण वाटाण्याएवढी होती ती मोहरीएवढी करून घेतली. प्रिंट कुठं काढू?

अर्धवट_फोटोग्राफर
कुठंही काढा, पण पहिल्यांदा एकच लहान काढून बघा. रंगीत कागदावर ब्लॅक अँड व्हाइट काढलं की कधी हिरवट झाक येते, कधी जांभळट. तसं आलं तर परत काढून मागा, लाजू नका. आणि मोबाईलचा उजेड निम्म्यावर आणून फोटो तपासा. पूर्ण उजेडात बघून पाठवला की कागदावर काळपट येतो.

हळकुंड
विषय सोडून: कुंची कुणी शिवून देतं का सांगलीत? खणाची, अस्तर मऊ पाहिजे. बाजारातली टोचते.

मिरजेची_मावशी
मी शिवते. डोक्याचा घेर मोजून ठेव आणि मला निरोप टाक. जर लावणार नाही, आधीच सांगते.

भडंग
मावशी, मोठ्या मापात होईल का? मला पाहिजे. थंडी पडलीय.