मदत हवी आहे: यंत्रमागाच्या आवाजाचा गर्भातील बाळाच्या कानांवर परिणाम होतो का?

सर्वांना नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना लागला असून, घराच्या तळमजल्यावर दिवसभर यंत्रमाग चालतात. धोटा धावू लागला की वरच्या फडताळातली भांडीसुद्धा थरथरतात. गर्भाच्या अंतःकर्णातील शंखाकृती भाग साधारण 20व्या आठवड्यापर्यंत आकाराला येतो आणि 25 ते 28 आठवड्यांच्या सुमारास बाळ आवाजाला हालचालीने किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बदलाने प्रतिसाद देऊ लागते, असे वाचनात आले. पोटातून आत जाताना उंच पट्टीचे आवाज बरेच गाळले जातात, पण खर्जातील घरघर फारशी कमी होत नाही. आईने कानांत बोळे घातले तरी बाळाचे कान झाकले जात नाहीत, याचीच मला जास्त काळजी वाटते.

तिला आताच खानापूरला माहेरी पाठवावे, की मागच्या खोलीत मुक्काम हलवला तरी पुरेल? वडगाव, शहापूर, खासबाग भागांतील माग असलेल्या घरांत ज्यांची गरोदरपणे गेली, त्यांना डॉक्टरांनी काय सांगितले होते, ते कृपया सविस्तर लिहावे. नवजात बाळाची श्रवणचाचणी बेळगावात कोठे होते, हेही कळवावे. ती आम्ही करून घेणारच आहोत.