झोपाळ्यावरून घरी येताना रोजचा आकांत : काय करावे?

प्रश्न (नाशिकहून एक आई)
माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तो मोजकेच शब्द बोलतो, पण ऐकलेले बरेचसे त्याला समजते. सकाळी आंघोळीला जाणे आणि संध्याकाळी सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्यावरून उतरून घरी येणे, या दोन वेळा आम्हाला फार जड जातात. 'अजून पाच मिनिटे' अशी पूर्वसूचना द्यावी, असे मला सुचवण्यात आले होते; परंतु ते शब्द ऐकताच तो रडू लागतो आणि कधीकधी स्वतःच्या हाताला चावतो. त्याला ओढून आणणे मला आता सहन होत नाही.

उत्तर १ (बारा वर्षांच्या मुलीची आई)
ताई, पाच मिनिटे डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय आपण मोठी माणसे पाच म्हणतो आणि कधी दोन, तर कधी पंधरा मिनिटांनी उठवतो. त्यामुळे माझ्या मुलीला त्या शब्दांतून एवढेच कळत असे की आवडती गोष्ट आता हिरावली जाणार. आम्ही मिनिटे सोडून झोके मोजू लागलो. दहापासून उलटे मोजायचे, शून्यावर झोपाळा थांबवायचा आणि ठरलेला आकडा एकदाही बदलायचा नाही. सुरुवातीला ती रडलीच, पण पुढे स्वतः मोजू लागली. उतरताच तिच्या हाती घराची किल्ली देत असू, कारण कुलूप उघडणे हे तिचे काम होते. खेळ संपल्यावर पुढे काय आहे, हे त्या किल्लीमुळे तिला हातातच मिळत असे.

उत्तर २ (विशेष शिक्षिका)
किल्लीची युक्ती फार योग्य आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी विकसित झालेल्या 'टीच' (TEACCH) पद्धतीतही चित्रवेळापत्रकाला, म्हणजे पुढे काय होणार ते चित्रांच्या क्रमाने दाखवण्याला, असेच महत्त्व आहे. 'आधी झोपाळा, मग घर' अशी दोन छायाचित्रांची पट्टी करावी. छायाचित्रे त्याच्याच बागेची आणि घराची असावीत, आणि एक गोष्ट संपली की तिचे चित्र त्यानेच काढून 'झाले' असे लिहिलेल्या डब्यात टाकावे. सूचना दोन-तीन शब्दांत देऊन काही क्षण गप्प राहावे. पुन्हापुन्हा बोलल्याने त्याला प्रत्येक वेळी नव्याने समजून घ्यावे लागते. मूल सावरले म्हणून पट्टी लगेच काढून टाकू नये.

आंघोळीबाबत मात्र मला वेगळी शंका वाटते. तेथे अडचण बदलाची नसून पाण्याची, साबणाच्या वासाची किंवा बंद खोलीत घुमणाऱ्या आवाजाची असू शकते, आणि तसे असेल तर चित्रे कितीही लावली तरी उपयोग होणार नाही. तो नेमका कोणत्या क्षणी बिथरतो, हे आठवडाभर लिहून ठेवावे. हात चावणे वाढले किंवा जखम होऊ लागली, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामे आणि स्पर्श-आवाजासारख्या संवेदनांच्या अडचणींवर मदत करणाऱ्या तज्ज्ञांना) अवश्य दाखवावे.

उत्तर ३ (एक वडील, पुणे)
एक भर घालतो. वेळापत्रक पक्के झाले की ते मोडणाऱ्या दिवसांची तयारीही करावी लागते, कारण शाळेची व्हॅन एखाद्या दिवशी येत नाही आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरते. आम्ही 'बदल' असे लिहिलेले एक पिवळे कार्ड केले आणि ते आधी आनंदाच्या बदलांसाठीच वापरले, उदाहरणार्थ पोळीऐवजी डोसा. त्या कार्डाची भीती गेल्यावरच व्हॅन न येण्याच्या दिवशी ते दाखवले.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी आभारी आहे. आज सकाळी लक्ष देऊन पाहिले, तेव्हा तो बाथरूमपर्यंत स्वतःहून चालत आला आणि डोक्यावर तांब्याने पाणी ओतताच किंचाळला. उद्या पाणी खांद्यांपासून घेऊन पाहते, आणि संध्याकाळी दहा झोके मोजते.