ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर अण्णा एकदम गप्प झालेत, हे डिप्रेशन असेल का?

जॉबरचा_पोरगा: अण्णा एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणारे होते. कपाळामागं ट्यूमर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन पण संपलं, डॉक्टर म्हणतात स्कॅन चांगला आहे पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही वो. सोलापूरच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला सगळ्यात पुढं असायचे, यंदा चला म्हटलं तर भिंतीकडं तोंड करून झोपले. घरचे म्हणतात धास्ती घेतलीय, मन घट्ट करा. फिटची लेव्हेटिरासिटाम आणि स्टेरॉइड चालू आहे. हे कुणाला जास्त होतं?

न्यूरोवॉर्ड_सिस्टर: दादा, मन घट्ट करा म्हणणं आधी बंद करा, त्यांना वाटतं आपणच कमी पडतोय. ट्यूमर मेंदूतच असतो त्यामुळं नुसती आजाराची भीती नसते. आधी कधी डिप्रेशन येऊन गेलेलं असेल, हातपाय किंवा बोलणं अडखळत असेल, विसरायला होत असेल तर धोका जास्त. लेव्हेटिरासिटामनं काहींना चिडचिड, उदासी येते, स्टेरॉइडनं झोप उडते आणि मूड खालीवर होतो. पण दोन्ही गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका, फिट येऊ शकते, स्टेरॉइड तर हळूहळूच कमी करतात. रेडिएशननंतर काहींचे हार्मोन्स कमी पडतात, थायरॉइडचं पण विचारून घ्या.

विणकर_वहिनी: आमच्या ह्यांचा ट्यूमर कॅन्सरचा नव्हता, सगळे म्हणाले सुटलात, पण उजवा हात गेला आणि काम सुटलं, त्यातच खचले. गाठ साधी असली म्हणून मन साबूत राहतं असं नाही. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं नेलं, न्यूरोवाल्यांना विचारून गोळी दिली, बरेच दिवस लागले पण फरक पडला. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी फिटचा धोका वाढतो म्हणून ट्यूमरचं आणि फिटचं आधीच सांगा.

जॉबरचा_पोरगा: ताई, ते रडत नाहीत, दुःख पण सांगत नाहीत, नुसते बसून राहतात. मग डिप्रेशन कसं म्हणायचं?

न्यूरोवॉर्ड_सिस्टर: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की काही वेळा माणसाची इच्छाच मरते, वाईट वाटत नाही पण उठावंसं पण वाटत नाही, ते वेगळं आणि त्याचा उपचार पण वेगळा. दोन्ही एकत्र पण असतं. फरक डॉक्टरच तपासून सांगतील, तुम्ही झोप, जेवण, कुठल्या गोळीनंतर बदल झाला हे लिहून न्या. आणि एकटे असताना शांतपणे सरळ विचारा, जगावंसं वाटत नाही का, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलला न्या. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे, तुम्ही स्वतःसाठी पण करा.