शब्दचर्चा: 'को लोआ'मधला 'लोआ' – शंख की गोगलगाय?

विचारणा
व्हिएतनाममध्ये हनोईच्या उत्तरेला साधारण 17 किमीवर को लोआ हे तटबंदीचं प्राचीन ठिकाण आहे. परंपरेनुसार आन ज़ुओंग वुओंग या राजाने इ.स.पू. 257 च्या सुमारास इथे औलाक राज्याची राजधानी वसवली. मराठीत कुणी 'जुनी गोगलगाय' म्हणतं, कुणी 'शंखनगरी', कुणी 'चक्राकार किल्ला'. माझ्या पुस्तकासाठी यातलं नेमकं कोणतं घ्यावं?

प्रतिसाद १
'को' म्हणजे जुना, याबद्दल वाद नाही. 'लोआ' हा चिनी भाषेतून आलेला शब्द, अर्थ पीळदार कवचाचा प्राणी. रोजच्या बोलण्यात, ताटातल्या गोगलगायीलासुद्धा, व्हिएतनामी माणूस 'ओक' म्हणतो. तेव्हा 'ओक'ला गोगलगाय आणि ग्रंथातल्या 'लोआ'ला शंख, अशी वाटणी मला पटते. आज नुसतं 'लोआ' म्हटलं की लाउडस्पीकर, आपला कर्णा!

उच्चार 'ल्वा'च्या जवळ जातो. पण 'कोल्वा' लिहिलं की वाचक थेट गोव्याच्या कोलव्याला पोचेल. 'को लोआ' असं तोडूनच लिहावं.

प्रतिसाद २
'चक्राकार' नको. दंतकथेत तटाचे नऊ वेढे आहेत, जमिनीवर तीन दिसतात: बाहेरचा सुमारे 8 किमी, मधला साडेसहा, आतला दीड किमीहून थोडा जास्त. तिन्ही वेगवेगळे. बाहेरचे दोन वेडेवाकडे, आतला तर जवळजवळ चौकोनी. मळसूत्रासारखा एकच तट फिरत आत जातो, हे चित्र नावावरून मनात येतं, नकाशावर ते नाही.

'किल्ला' म्हटलं की आपल्याला दगडी बुरूज दिसतात. इथे मातीचे थर ठोकून घट्ट करून उभे केलेले तट आहेत, भोवती खंदक, आणि खंदकांना होआंग नदीचं पाणी. म्हणून 'भुईकोट' म्हणा. आतल्या वेढ्याला 'बालेकिल्ला' म्हणू नये, 'बाला' म्हणजे वरचा आणि ही सगळी सपाट जमीन. 'आतला कोट' पुरे.

दिवसा बांधलेला तट रात्री ढासळायचा, शेवटी सोनेरी कासवाने मदत केली, ही कथा याच मातीची आहे. नदीकाठच्या ओल्या जमिनीत भराव खचतो.

प्रतिसाद ३
त्या कासवाने राजाला हत्यारासाठी दिलेल्या आपल्या नखाबद्दल बोलायलाच हवं, कारण भाषांतरात सर्वांत मोठी चूक तिथे होते. 'नखाचं धनुष्य' असं छापलेलं दिसतं. नखापासून फक्त 'लाय' बनवला होता, म्हणजे क्रॉसबोचा चाप. साध्या धनुष्यात ताणलेली दोरी तिरंदाजाच्या बोटांत असते. क्रॉसबोत ती खुंटीत अडकून राहते आणि चाप दाबला की सुटते. म्हणूनच कथेचा पेच उभा राहतो: राजाचा जावई त्रोंग थुई चाप बदलून नकली बसवतो, हत्यार वरून जसंच्या तसं दिसतं, आणि त्याचा बाप, शत्रू राजा त्रिएउ दा, चालून येतो तेव्हा ते निकामी ठरतं. 'चाप'ऐवजी 'धनुष्य' लिहिलं की ही लबाडी वाचकाला कळतच नाही. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्यच, पण मराठीत बंदुकीचा चाप सगळ्यांना ठाऊक आहे.

बाणांना इतिहासाचाही आधार आहे. 1959 मध्ये इथे काशाची हजारो बाणाग्रं एकाच जागी सापडली, आणि पुढे ती ओतायचे दगडी साचेही.

प्रतिसाद ४
दोन बारीक दुरुस्त्या. 'वुओंग' म्हणजेच राजा, तेव्हा 'राजा आन ज़ुओंग वुओंग'मध्ये राजा दोनदा येतो.

दुसरं, राजकन्या मि चाउ, म्हणजे त्रोंग थुईची बायको, हरलेल्या बापाबरोबर पळताना वाटेवर पिसं टाकत जाते, ती बदकाची नव्हेत. मूळ शब्द 'ङोंग', म्हणजे पाळीव हंस. त्याच पिसांच्या मागावरून त्रोंग थुई येतो आणि आन ज़ुओंग वुओंग आपल्याच मुलीचं डोकं उडवतो. तिचं रक्त शिंपल्यांनी प्यायलं आणि त्याचे मोती झाले. ते मोती त्रोंग थुईने जीव दिलेल्या विहिरीच्या पाण्यात धुतले की जास्त झळकतात, असं सांगतात. को लोआत तिच्या देवळात आजही बिनडोक्याची दगडी मूर्ती पुजतात. तिथे 'भग्न मूर्ती' लिहू नका. ती तुटलेली मानत नाहीत, तीच मि चाउ.

विचारणा करणाऱ्याकडून
मग नाव 'को लोआ' तसंच ठेवतो, पहिल्या उल्लेखात 'जुन्या शंखाचा भुईकोट' असा खुलासा देतो. 939 मध्ये व्हिएतनामी राजा न्गो क्वेनने पुन्हा इथेच राजधानी केली, त्या प्रकरणातही हेच चालवतो.