लागोसच्या शाळेत पोरीला कोणत्या वर्गात टाकावं?

दारव्हा तालुक्यातली आई:
पोरीचे बाबा नायजेरियात लागोसला प्लास्टिकच्या कारखान्यात आहेत. आम्ही दोघी येत्या ऑगस्टमध्ये तिकडं जाणार आहोत. त्याच महिन्यात तिला पाच पूर्ण होतात. आता अंगणवाडीत जाते, पाटीवर ‘क’ उलटा काढते. तिकडची शाळा म्हणते, ब्रिटिश आणि नायजेरियन अभ्यासक्रम मिळून शिकवतो, सप्टेंबरात थेट ‘इयर वन’ला, म्हणजे तिकडच्या पहिलीला घेतो. सासूबाई खूश, वर्ष वाचलं म्हणे. पण तीन वर्षांनी आम्हाला गावीच यायचं आहे. तेव्हा काय?

हिंगणघाटवाला (लागोसला राहून आलेला):
ताई, वर्ष वाचत नाही, लेकराच्या अंगावर येतं. ३१ ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण झालेलं मूल इंग्लंडात सप्टेंबरला इयर वनमध्ये बसतं. म्हणजे तुमची वर्गात सगळ्यात लहान, बाजूचं पोरगं जवळपास वर्षानं मोठं. त्याच्या आधीचा वर्ग ‘रिसेप्शन’. वाळू, पाणी, गोष्टी, आपली पाळी येईस्तोवर थांबणं, हाच तिथला अभ्यास. वाचनाची सुरुवातही तिथंच, अक्षराच्या नावानं नाही, आवाजानं: स-ॲ-ट, सॅट. इंग्लंडात इयर वनच्या शेवटी याच आवाजांची तपासणी होते. पाया गाळून पोरगी तिथं कशी टिकणार?

आणि नायजेरियाचं धोरणही तुमच्याच बाजूचं आहे. तिथं प्रायमरी वन सहाव्या वर्षी, त्याआधी एक वर्ष पूर्वप्राथमिक. हे शाळेपुढं ठेवा अन् रिसेप्शनच मागा.

माहितीपत्रकावर जाऊ नका, वरच्या वर्गातल्या एखाद्या पोराची वही बघायला मागा. काही ठिकाणी ‘मिळून’ म्हणजे गणिताची दोन पुस्तकं अन् दुप्पट गृहपाठ. नीट शाळेत इंग्रजी-गणित एकाच क्रमानं चालतं. योरुबा ही तिकडची भाषा, नागरिकशास्त्र, नायरा या तिकडच्या चलनातले हिशेब, एवढं नायजेरियन अभ्यासक्रमातलं. प्रायमरी सिक्सला कॉमन एन्ट्रन्स, म्हणजे माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा असते, तिचं तुम्हाला काम नाही.

जि. प. शिक्षिका, आर्णी:
दादा बरोबर सांगतात. आपल्याकडं पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, म्हणजे हिची पहिली पुढच्या जूनला. यंदा रिसेप्शन, पुढच्या सप्टेंबरात इयर वन, की बरोबर जुळलं. परत आल्यावर शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्ग मिळतो. तिकडचं सत्र जुलैत संपतं, विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. थोडे दिवस बुडतील, बुडू द्या. मला काळजी मराठीची आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, जायच्या आधी पहिली-दुसरीची उतरवून घ्या. बाराखडी झाली नसेल तर तिसरीत आल्यावर पोरगी परिसर अभ्यास सोडा, गणिताचं उदाहरणसुद्धा वाचू शकत नाही. माझ्या वर्गात अशी लेकरं आली आहेत, हुशार असून मागं बसतात.

दारव्हा तालुक्यातली आई:
आजच शाळेला मेल टाकते. तिथं जेवणाचं कसं असते? आम्ही शाकाहारी आहोत.

हिंगणघाटवाला:
जोलोफ राईस असते बहुतेक, टोमॅटो अन् लाल मिरचीचा भात. तिखट वऱ्हाडी पोरीला जड नाही. पण पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, वरून दिसत नाही. डबाच द्या.