पाचगणीचा बंगला हॉटेल झाला म्हणून
वर एकांनी लिहिलंय की पाचगणीतला जुना इंग्रजी बंगला हॉटेलला गेला म्हणजे संपलाच. मला तसं वाटत नाही. साहेबांच्या उन्हाळी मुक्कामासाठी वसलेल्या या गावात पुढे निवासी शाळा आल्या, 1912 साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअरला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. गावाचं काम बदललं तसं घरांचंही.

मी शाळेत असताना आमचं वसतिगृह असाच एक बंगला होता. दिवाणखान्यात आमच्या बारा खाटा. फायरप्लेस कधी पेटली नाही, तिच्या कोनाड्यात ट्रंका रचलेल्या असायच्या. जुलैत जांभ्या दगडाच्या भिंती ओलावायच्या, पण चुन्याच्या गिलाव्यामुळे पाऊस उघडला की आठवडाभरात सुकायच्या.

मला भीती वापर बदलण्याची नाही, सिमेंटची आहे. हॉटेल काढणाऱ्या नव्या मालकांनी तशाच भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवलाय. आत शिरलेलं पाणी आता बाहेर पडत नाही, मागच्या वर्षी पोपडे हाताने निघत होते. तुमच्यापैकी कुणाची त्या मालकांशी ओळख असेल तर एवढं सांगा: खोल्या हव्या तशा करा, पण गिलावा चुन्याचाच ठेवा. चुन्याचं काम जाणणारे गवंडी वाईकडे अजून मिळतात.