तापानंतरची केसगळती आणि डोळ्यांखालचं लिंबू

डेंग्यू होऊन अडीच महिने झाले आणि आता विंचरताना मूठभर केस हातात येतात, असं तू लिहिलं आहेस. या दोन गोष्टींचा संबंध आहे. मोठा ताप आला की पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबते आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बहुतेकांची गळती साधारण ६ महिन्यांत ओसरते. माझ्या बहिणीचं टायफॉइडनंतर असंच झालं होतं; रोज उशीवरचे केस मोजत रडायची. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फारच कमी निघाला. ही तपासणी करायची का, ते डॉक्टरांना नक्की विचार. बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या, गोळ्या घेत असशील तर तेही सांग. त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

काळ्या वर्तुळांवर लिंबू लावायचा सल्ला तुला मिळालाय. कृपा करून नको! तिथली त्वचा फार पातळ असते, आणि तुझी तर साध्या साबणानेही चुरचुरते. जळजळ झाली की काळेपणा आणखी वाढतो. डोळे चोळणं थांबव, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव. भांग रुंदावत असेल किंवा चाई पडल्यासारखी दिसत असेल तर मात्र वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.